जुन्या विश्वकोशातली आकाशाची चित्रं घेताय? आधी त्यातला एक तारा भिंगाखाली बघा

जर्मनीत राहायला आल्यापासून रविवारी सकाळी फ्लोमार्क्टला म्हणजे इथल्या जुन्या बाजाराला जायची सवय लागली, आणि तिथे जुन्या पुस्तकांच्या खोक्यांमध्ये सुटी पानं असतात त्यात पहिल्यांदा मला चंद्राचा नकाशा सापडला. १८९० च्या आसपासचा, मधे घडी पडलेला, कडा पिवळ्या, आणि खाली त्या काटेरी जर्मन अक्षरात 'मोंड' म्हणजे चंद्र असं लिहिलेलं. तो घरी आणून भिंग लावून बघितला आणि तेव्हापासून हा नाद आहे. भारतातून पण आता बरेच लोक ही चित्रं ऑनलाइन मागवतात आणि मला मेसेज येतात की हे खरं आहे का, कितीचं आहे, फ्रेम कशी करू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

आधी ही चित्रं आली कुठून ते. १९व्या शतकात युरोपात घरात विश्वकोश असणं ही मोठी गोष्ट होती, हप्त्याहप्त्याने भाग यायचे, लोक नंतर ते बाइंड करून घ्यायचे. त्यात मजकुराबरोबर वेगळ्या चांगल्या कागदावर छापलेली चित्रपानं असायची. आकाशाच्या चित्रांसाठी मी तीन-चार नावं कायम शोधतो. इंग्लंडमध्ये रीसचा सायक्लोपीडिया, १८०२ ते १८२० मध्ये निघाला, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली चित्रं, त्यातली बरीच विल्सन लाउरीच्या हातची. मग लाइपझिगच्या ब्रॉकहाउस या प्रकाशकाने १८४४ पासून काढलेला, हेक नावाच्या संपादकाचा चित्रसंग्रह, पोलादावर कोरलेली ५०० पानं, आणि तीच पानं वापरून १८५१ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजी आवृत्ती आली जी स्पेन्सर बेअर्ड यांनी तयार केली (हे पुढे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेचे प्रमुख झाले). आणि शतकाच्या शेवटी रंगीत चित्रांचे दोन मोठे जर्मन कोश, एक मायर, ज्याची चौथी आवृत्ती १८८५ ते १८९० आणि पाचवी १८९३ पासून पुढे, आणि दुसरा ब्रॉकहाउसची चौदावी आवृत्ती, १८९२ ते १८९५. बाजारात सगळ्यात जास्त सापडतं ते मायरचं, कारण ते घराघरात होतं.

आता कामाचं. तीन वस्तू लागतात. सराफ वापरतात ते दहापट भिंग, नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च, आणि मोबाइलचा टॉर्च. बस.

तारा कसा छापलाय ते बघा

बहुतेक लोक चित्राचा मधला भाग बघतात, शनी, धूमकेतू, सूर्य. तुम्ही कोपऱ्यातला एक बारीक तारा निवडा आणि भिंग त्यावर धरा. चित्र कुठल्या पद्धतीने छापलंय ते तिथे सगळ्यात लवकर कळतं, कारण काळ्या आकाशात पांढरा ठिपका ठेवायचा हे प्रत्येक पद्धतीत वेगळ्याच प्रकारे करावं लागायचं.

पोलादावर कोरलेलं असेल तर काळं आकाश मुळात काळं नसतंच. भिंगाखाली ते बारीक बारीक समांतर रेघांचं दिसतं, इतक्या जवळ जवळ की लांबून रुपेरी करडा रंग वाटतो. अशा रेघा हाताने नाही, रेघा ओढायच्या यंत्राने ओढायचे, आणि वर सांगितलेला लाउरी हा अशी यंत्रं बनवण्यातला उस्ताद होता. तारा म्हणजे जिथे रेघ थांबते, एक रिकामी जागा सोडते, आणि पुढे परत सुरू होते. म्हणजे तारा कोणी काढलेलाच नाही, त्याच्या भोवतीची रात्र काढलीय. पहिल्यांदा मला हे दिसलं तेव्हा मी अर्धा तास खुर्चीतून उठलो नव्हतो. अजून एक, कोरीव कामात शाई खाचेत असते आणि दाबाने कागदावर चढते, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च कागदाला अगदी आडवा धरला तर जाड रेघा किंचित उठलेल्या दिसतात. तांब्याचं काम पण असंच, फक्त रेघ जरा मऊ आणि जाड असते, आणि तांबं लवकर झिजतं म्हणून उशिरा छापलेल्या प्रती फिक्या येतात. पोलाद लोकप्रिय झालं ते १८२० नंतर आणि याच कारणाने, हजारो प्रती काढल्या तरी रेघ टिकायची.

लाकडावर कोरलेलं असेल तर उलटं. तिथे ठोकळ्याचा वरचा भाग छापतो, खोदलेलं पांढरं राहतं. म्हणून तारा म्हणजे कोरणीचा एकच टोचा, बारीक त्रिकोणी किंवा डोळ्याच्या आकाराचा. आकाश खरंच काळं असतं, भरीव. रेघांच्या कडेला शाई दबून जरा गडद किनार आलेली असते, आणि कागद उलटा करून आडव्या उजेडात बघितला तर मागे हलका उठाव लागतो. लाकडाचे ठोकळे अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच साच्यात बसायचे म्हणून मजकुराच्या मधली छोटी चित्रं जवळजवळ सगळी अशीच.

आणि रंगीत चित्रं म्हणजे क्रोमोलिथोग्राफ, आपल्याकडची शिळाछाप. आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी किंवा सरस्वती बघितली असेल ना, तीच टेक्निक, तो छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला तेव्हा तिथे जर्मन तंत्रज्ञच होते. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचं, पाणी मारायचं, तेलकट जागेवरच शाई धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. भिंगाखाली निळं आकाश बघितलं तर हाताने दिलेले वेडेवाकडे ठिपके दिसतात, निळे, त्यात करडे, मधेच गुलाबी, एकमेकांवर चढलेले आणि कुठेही शिस्तीत नसलेले. तारा इथे म्हणजे सगळ्या शिळांवर मोकळी सोडलेली जागा, कोरा कागद. पण सात-आठ शिळा एकमेकांवर तंतोतंत बसणं अवघड, म्हणून ताऱ्याच्या एका बाजूला निळ्याची आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्याची केसाएवढी कड दिसते. ती कड दिसली की मला बरं वाटतं, ते खरेपणाचं लक्षण आहे, दोष समजू नका.

नकली कसं ओळखायचं

आजकालचं ऑफसेट प्रिंट असेल तर भिंगाखाली चार रंगांचे ठिपके फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल रचनेत दिसतात, सगळीकडे सारखे, अगदी काळ्या अक्षरात सुद्धा. इंकजेट असेल तर धुरळा उडवल्यासारखे अंधुक ठिपके. जुन्या रंगीत पानावर खालचं नाव कायम भरीव काळं असतं, त्यामुळे तारा सापडत नसेल तर सरळ अक्षर बघा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नुसत्या एका रंगाच्या ठिपक्यांची जाळी दिसली म्हणून लगेच नकली म्हणू नका, कारण म्युनिकच्या माइझेनबाखने १८८२ मध्ये जाळीतून फोटो छापायची पद्धत पेटंट केली आणि त्यानंतर कोशांमध्ये चंद्राचे, तेजोमेघांचे फोटो तसे यायला लागले. काळ्या एका रंगाची जाळी १८९० च्या पानावर असू शकते. चार रंगांची पाकळी नाही असू शकत.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डाग. जुन्या कागदावर तपकिरी ठिपके असतात, दमटपणामुळे पडतात. आता नकली बनवणारे ते डागच स्कॅन करून छापतात, मधली घडी पण छापतात. डागावर भिंग धरा. खरा डाग कागदाच्या आत मुरलेला असतो, धाग्यांमध्ये, आणि बऱ्याचदा मागून पण दिसतो. छापलेला डाग ठिपक्यांचा बनलेला असतो. मग यूव्ही टॉर्च. साधारण १९५० नंतर कागदात चमक आणणारी रसायनं घालायला लागले, ती यूव्हीखाली निळसर पांढरी झगझगतात, नवीन शर्ट चमकतो तशी. जुना कागद मंद, पिवळट राहतो. ऑनलाइन घेताना विकणाऱ्याला डागाचा आणि एका अक्षराचा जवळून फोटो पाठवायला सांगा, मागच्या बाजूचा पण. जो खरं विकतो तो लगेच पाठवतो.

अजून एक गैरसमज म्हणजे पत्र्याच्या दाबाची चौकट. कोरीव चित्राभोवती दाबाची खोल रेघ असलीच पाहिजे असं बरेच जण सांगतात, पण पुस्तकातल्या पानांना बाइंडिंगच्या वेळी कापायचे, त्यामुळे ती रेघ बऱ्याचदा कापली गेलेली असते. नसेल तर घाबरू नका.

आणि हेकची पानं रंगीत विकायला असतील तर थोडं थांबा. ती काळी-पांढरी छापलेली आहेत, रंग नंतर कोणीतरी दिलाय, कदाचित मागच्या वर्षी. छान दिसतात, घ्यायची असतील तर घ्या, पण जुन्या रंगाचे पैसे देऊ नका. जुन्या हिरव्या रंगात तांबं असायचं, त्याने कागद मागून तपकिरी पडतो, ती खूण नवीन रंगात येत नाही.

खालची बारीक ओळ वाचा

जर्मन येत नसेल तरी चालतं. मायरच्या पानावर खाली डावीकडे कोशाचं नाव आणि आवृत्तीचा आकडा, आकड्यापुढे 'आउफ्ल.' म्हणजे आवृत्ती, मधे 'बिब्लिओग्राफिशेस इन्स्टिट्यूट इन लाइपझिग', आणि 'त्सुम आर्टिकेल' असं लिहून कुठल्या लेखासाठी हे चित्र आहे ते. एवढ्यावरून वर्ष चार-पाच वर्षांच्या टप्प्यात सापडतं. कोरीव चित्रांवर नावापुढे 'स्कल्प' असेल तर तो कोरणारा, 'डेल' असेल तर तो चित्र काढणारा. हेकच्या पानांवर हेन्री विंकल्स हे नाव दिसेल, तो कोरणारा. अनेक जण ही ओळ फ्रेम करताना माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकून टाकतात. कृपया नका झाकू, ती त्या कागदाची जन्मपत्रिका आहे.

ओळ कापलेली असेल तर आकाशावरून वर्ष काढा

हा माझा सगळ्यात आवडता भाग. त्या काळात दर दहा-वीस वर्षांनी सूर्यमालेत काहीतरी नवीन सापडत होतं, त्यामुळे चित्रात काय आहे आणि काय नाही हे मोजलं की वर्ष कळतं.

नेपच्यून आधी शोधा. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत गाले या खगोलशास्त्रज्ञाने तो बघितला. चित्रात शेवटचा ग्रह युरेनस असेल तर मूळ चित्र त्याआधीचं. इंग्लंडच्या चित्रात युरेनसला 'जॉर्जियन' किंवा 'हर्शेल' म्हटलेलं असेल तर अजून जुनं, ही नावं तिकडे शतकाच्या मध्यापर्यंत चालली. नेपच्यूनच्या जागी 'लव्हेरिए' (तो कुठे सापडेल ते गणिताने सांगणारा फ्रेंच शास्त्रज्ञ) दिसलं तर शोधानंतरची पहिली काही वर्षं, कारण नाव काय ठेवायचं यावर तेव्हा भांडणं चालू होती. मंगळ आणि गुरूच्या मधे फक्त चार छोटे ग्रह, सेरेस, पॅलस, जुनो, वेस्टा असतील तर १८०७ ते १८४५, कारण पाचवा सापडायला ३८ वर्षं लागली आणि त्यानंतर मात्र रांगच लागली. शनीच्या कड्यांच्या आत एक फिकट पातळ कडं दाखवलंय का? ते १८५० नंतर. सर्पिल आकाराचा तेजोमेघ असेल तर १८४५ नंतर, आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसच्या त्या प्रचंड दुर्बिणीतून तो आकार पहिल्यांदा दिसला. मंगळाला दोन चंद्र असतील तर १८७७ नंतर, आणि मंगळावर सरळ सरळ रेघांचं जाळं असेल तर ते पण १८७७ नंतरच, मिलानच्या शियापारेल्लीने तेव्हा त्या रेघा काढल्या आणि लोकांना ते कालवे वाटले. गुरूला पाचवा चंद्र १८९२ मध्ये मिळाला.

फक्त एवढं समजून घ्या की यातून 'याच्या आधी छापलेलं नाही' एवढंच पक्कं होतं. पत्रे आणि शिळा वर्षानुवर्षं वापरायचे, जुनं चित्र नवीन आवृत्तीत तसंच ढकलायचे, म्हणून नेपच्यून नाही याचा अर्थ तो कागद १८४६ च्या आधीचा असेलच असं नाही. कागद आणि छपाई दोन्ही जुळली तरच बोला.

चंद्रावरचे देखावे असतील तर डोंगर बघा, सुळक्यासारखे उभे, टोकदार. दुर्बिणीतून लांब सावल्या दिसायच्या त्यावरून हे डोंगर इतके उभे असणार असा समज होता. नंतर १९६९ मध्ये माणूस गेला तेव्हा डोंगर गोलसर, झिजलेले निघाले. म्हणून ती चित्रं चुकीची असं मी म्हणणार नाही, समोर दिसलेल्या सावलीवरून त्यांनी इमानदारीने काढलेलं ते गणित आहे.

माझ्याकडचं सगळ्यात लाडकं पान मात्र दिसायला साधं आहे. मायरच्या कोशातलं वर्णपटांचं (स्पेक्ट्रमचं) पान, एकाखाली एक रंगीत पट्ट्या, सूर्याची, सोडियमची, ताऱ्यांची, त्यात उभ्या बारीक रेघा. ते आवडायचं कारण घरचं आहे. आईचं माहेर जमखंडी, पटवर्धनांचं संस्थान. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लेफ्टनंट जॉन हर्शेल वर्णपटदर्शक घेऊन जमखंडीला होते, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे सख्खे नातू, आणि तिथून त्यांना सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात चमकत्या रेघा दिसल्या. त्याच दिवशी गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनाही दिसल्या. ज्वाळा वायूच्या आहेत हे त्यातून कळलं, आणि त्यातली एक पिवळी रेघ कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याची नाही हे पुढे लक्षात आलं, तो हेलियम. मी ते पान आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली की त्या गावात एवढं झालं आणि आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. तुम्हीही घेताना असं काही शोधा, ज्याचा तुमच्याशी धागा आहे. भिंतीच्या रंगाला मॅच होतं म्हणून घेतलेलं चित्र दोन वर्षांत माळ्यावर जातं.

घेताना

मायरची सुटी पानं मला इथल्या बाजारात साधारण १० ते ३० युरोमध्ये मिळालीत, ध्रुवीय प्रकाशाचं रंगीत पान, चंद्र, तारानकाशे यांना जास्त मागणी असते. फोटो खूप सुंदर आणि किंमत अवाच्या सवा असेल तर थांबा, याच कोशाच्या हजारो प्रती होत्या, दुसरं पान मिळेल. या कोशांचे संपूर्ण स्कॅन फुकट बघायला मिळतात, ते उघडून आपलं पान शेजारी ठेवून ताडून बघा, कडा किती कापल्यात ते पण कळतं.

आणि एक मनापासून सांगतो, पूर्ण चांगला खंड हातात आला तर तो फाडू नका, फाडून विकणाऱ्याला उत्तेजन पण देऊ नका. लाइपझिगचा छापखान्यांचा आणि प्रकाशकांचा भाग ४ डिसेंबर १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात बहुतेक जळून गेला, जे उरलंय ते लोकांच्या कपाटात होतं म्हणून उरलंय. ज्यांची बाइंडिंग आधीच सुटलीय, अर्धे खंड गायब आहेत, अशाच पुस्तकातली पानं मी घेतो. मजकुराची पानं बऱ्याचदा तुटायला आलेली असतात कारण लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्ल असतं, चित्रपान त्यामानाने टणक राहतं.

घरी आणल्यावर

इथे माझं एकदा फार नुकसान झालं. तारानकाशाचं दुहेरी पान पुण्याला सुट्टीत घेऊन गेलो आणि एका फ्रेमवाल्याकडे टाकलं, स्पष्ट सांगितलं होतं की चिकटवू नका. परत घ्यायला गेलो तर घडी दिसू नये म्हणून त्याने ते गरम प्रेसने पुठ्ठ्यावर पक्कं चिकटवून वर लॅमिनेट केलं होतं. चांगल्या मनाने केलं असेल, पण ते आता कधीच सुटणार नाही. म्हणून आता मी माउंट स्वतः करतो आणि फ्रेमवाल्याकडून फक्त चौकट आणि काच घेतो.

पद्धत अशी. अ‍ॅसिड-फ्री माउंट बोर्डचे दोन तुकडे, एक मागे, एक पुढे खिडकी कापलेला. चित्र मागच्या बोर्डवर फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) पट्टीने लटकवायचं, बाकी सगळं मोकळं, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी त्याला हलायला जागा राहते. चिकटवायला गव्हाचा चीक, कुरडयांसाठी काढतो तोच, गहू भिजवून वाटून खाली बसलेला पांढरा साका, पाण्यात शिजवून पातळ करायचा. मीठ, हिंग काही नाही, आणि बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते तर अजिबात नाही. मैद्याची खळ पण नको, त्यातल्या चिकट भागावर कसर येते. फेव्हिकॉल, सेलोटेप, डबल टेप यातलं काहीही चित्राला लागू द्यायचं नाही. ही पट्टी उद्या ओल्या बोळ्याने सुटते, तेच महत्त्वाचं. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी असतेच, आणि जमलं तर यूव्ही अडवणारी काच घ्या.

घडी इस्त्री करून काढायला जाऊ नका, तपकिरी डाग ब्लीचने तर मुळीच घालवू नका. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटका, एवढंच.

भिंत निवडताना उन्हाची नको, बाथरूमच्या मागची नको, आणि कोकणात किंवा मुंबईत असाल तर बाहेरची पावसाची भिंत अजिबात नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागे हवा खेळते. जून ते सप्टेंबर मी घरच्यांना सांगून ठेवलंय की पुण्यातली दोन चित्रं काढून कपाटात आडवी ठेवायची, मधे अ‍ॅसिड-फ्री कागद, डब्यात सिलिका जेल, आणि दसऱ्याला परत लावायची, लावायच्या आधी मागची बाजू एकदा उजेडात धरून बुरशी किंवा कसर दिसतेय का ते बघायचं.